पहिल्या चार उमेदवार

निवडणूक संपली, की विजयी उमेदवाराच्या गळ्यात हार पडतात आणि पराभूतांची नावे लोक लवकरच विसरतात. परंतु काही पराभव असे असतात, की त्यांचे स्मरण ठेवणे आपले कर्तव्य ठरते. ऑस्ट्रेलियातील १९०३ सालच्या निवडणुकीत चार स्त्रियांचा झालेला पराभव अशांपैकीच होय.

१ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा आणि उमेदवार म्हणून उभे राहण्याचाही अधिकार दिला. शेजारच्या न्यूझीलंडमधील स्त्रियांना मताधिकार १८९३ सालीच मिळाला होता; उमेदवारीसाठी मात्र त्यांना १९१९ पर्यंत वाट पाहावी लागली.

नव्या कायद्यानंतरची पहिली निवडणूक १६ डिसेंबर १९०३ रोजी झाली. नेली मार्टेल, मेरी मूर-बेंटली आणि व्हायडा गोल्डस्टाइन या तिघी सिनेट म्हणजे वरिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या, तर सेलिना अँडरसन प्रतिनिधिगृहासाठी.

यांपैकी व्हायडा गोल्डस्टाइन यांचा जन्म १८६९ सालचा. १८९१ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी एक मोठा अर्ज तयार झाला. त्यावर सह्या मिळवण्यासाठी त्या आपल्या आईबरोबर घरोघर हिंडल्या. त्या अर्जावर सुमारे ३०,००० सह्या झाल्या. सिनेटच्या निवडणुकीत संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असे. म्हणून व्हायडा यांनी व्हिक्टोरिया राज्यात गावोगावी सभा घेतल्या. वृत्तपत्रांनी त्यांची थट्टा केली. त्या डगमगल्या नाहीत. त्यांना ५१,४९७ मते पडली, तरीही त्या निवडून आल्या नाहीत. उरलेल्या तिघींच्या वाट्यालाही अपयशच आले.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. व्हिक्टोरियातील स्त्रिया राष्ट्राच्या संसदेसाठी मत देऊ शकत होत्या. पण स्वतःच्या राज्याच्या विधिमंडळासाठी मत देण्याचा अधिकार त्यांना १९०८ सालीच मिळाला. शिवाय १९०२ च्या त्याच कायद्याने बहुतेक आदिवासी स्त्री-पुरुषांना मताधिकार नाकारला होता. हा अन्याय १९६२ साली दूर झाला. एकासाठी दार उघडणारा कायदा दुसऱ्यासाठी तेच दार बंद करू शकतो, हे यावरून दिसते.

व्हायडा यांनी पुढे १९१०, १९१३, १९१४ आणि १९१७ या साली पुन्हा निवडणूक लढवली. प्रत्येक वेळी त्या पराभूत झाल्या. अखेर १९४३ साली एनिड लायन्स प्रतिनिधिगृहात आणि डोरोथी टँगनी सिनेटमध्ये निवडून आल्या. पहिल्या उमेदवारीनंतर चाळीस वर्षांनी आलेला हा दिवस पाहण्यास व्हायडा हयात होत्या. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

संसदेच्या सभागृहात त्यांना कधीच आसन मिळाले नाही. परंतु रानातून पहिली पायवाट पाडणाऱ्याच्या पायांत काटे रुतावेत आणि मागून येणाऱ्यांची वाट सुकर व्हावी, तसेच या चौघींच्या बाबतीत घडले.