‘सुटणे’ आणि ‘लागणे’ : विडीकडून ‘वाफे’कडे वळणाऱ्याच्या शरीरतक्रारी

भाषेच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकणे हे धार्ष्ट्य होय, याची मला जाणीव आहे. परंतु रोगी आपली पीडा शब्दांतूनच सांगतो आणि वैद्यही शब्दांतूनच प्रश्न विचारतो. या दोहोंच्या शब्दांत अंतर पडले म्हणजे औषधाची मात्रादेखील चुकू शकते. प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते अशाच एका अंतराचे.

पाटण तालुक्यातील कोयनानगर येथे माझे मामा राहतात. पस्तीस वर्षे त्यांचा विडीचा परिपाठ. त्यातून पुढे दमा जडला आणि त्यासाठी थिओफिलीनची गोळी रोज सुरू झाली. पाटण-जावळीकडील अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचा मुलगाही पोटासाठी मुंबईकडे गेलेला. त्याने एकदा येताना वाफेची सिगारेट आणली, आणि “आप्पा, इडी टाका, ह्यात धूर न्हाय,” असे म्हणून ती वडिलांच्या हाती दिली. मामांनी विडी खरोखरच टाकली. पहिल्या आठवड्यात खोकला वाढला, तोंड आले. पुढे खोकला उतरला, पण घशाला सतत कोरड पडू लागली. झोप उडाली, मळमळू लागले, छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले. कोयनाकाठी १९६७ च्या डिसेंबरातील भूकंप पाहिलेली पिढी अद्याप आहे, आणि लहान धक्के आजही बसतात. तेथे हात थरथरला तर माणूस प्रथम फडताळातल्या भांड्यांकडे पाहतो. मामांनी तेही केले. भांडी स्वस्थ होती.

नंतर ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारले, “आप्पा, विडी सोडलीत का?” मामा म्हणाले, “सोडली की.” संभाषण तेवढ्यावर थांबले. प्रश्न योग्य होता आणि उत्तरही खोटे नव्हते. तरीसुद्धा त्या दोन वाक्यांत रोगाचे कारण निसटून गेले. ते कसे निसटले, हे पाहावयाचे आहे.

तंबाखूच्या सेवनासाठी मराठीने क्रियापदांची मोठी काटेकोर वाटणी करून ठेवली आहे. तंबाखू खातात, मिश्री लावतात, तपकीर ओढतात, चिलीम व विडी ओढतात, हुक्का पितात किंवा ओढतात. वस्तू परकी असो वा देशी, क्रियापद घरचेच राहिले : ‘तंबाखू’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि ‘विडी’ संस्कृत ‘वीटिका’पासून, पण ओढण्याची क्रिया दोहोंना सारखीच लाभली. (सातारी बोलीत शब्दारंभीच्या ‘वि’मधील व्यंजन गळते, विस्तवाचा जसा ‘इस्तू’ झाला, तशी विडीची ‘इडी’.) नव्या साधनास मात्र नाव मिळताना घोटाळा झाला. शहरात त्याला ‘वेप’ म्हणतात, आणि मराठीत सांगण्याची वेळ आली की ‘वाफ’ म्हणतात. आता ‘वाफ’ या शब्दाचा मराठी मनावरील संस्कार कोणता? सर्दी-पडशात आजी डोक्यावरून पांघरूण घेऊन घ्यावयास लावते ती वाफ. भाकरीतून निघते ती वाफ. बाळंतिणीस शेक देताना निघते तीही वाफच. हा शब्द औषधाचा आणि अन्नाचा आहे. धूर शब्दासरशी ठसका आठवतो, वाफ शब्दासरशी आराम.

वस्तुस्थिती निराळी आहे. या साधनात एक द्रव विजेच्या तारेने तापविला जातो, आणि तोंडात येतो तो त्या द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा तुषार. शास्त्रीय मराठीत त्यास वायुकलिल म्हणतात. द्रवात बहुधा प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व सुवासिक द्रव्ये असतात. पहिली दोन द्रव्ये जलाकर्षक आहेत. घशाच्या व तोंडाच्या ओल्या त्वचेतील पाणी ती ओढून घेतात, आणि म्हणूनच कोरड, खवखव, क्वचित घसा बसणे या तक्रारी उद्भवतात. तार प्रमाणाबाहेर तापली तर याच द्रव्यांचे विघटन होऊन फॉर्मलडिहाइड व अक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. वाफ घेतल्याने घसा मोकळा होतो हा आपला अनुभव. या ‘वाफे’ने तो कोरडा पडतो. एकाच शब्दाखाली दोन उलट परिणाम दडले आहेत.

परंतु मामांच्या साऱ्याच तक्रारी या तुषाराच्या माथी मारता येणार नाहीत. काही तक्रारी नवे साधन आल्यामुळे होतात, तर काही जुना धूर गेल्यामुळे. आणि हा भेद ओळखण्यास आपल्या भाषेतील ‘सुटणे’ व ‘लागणे’ ही दोन क्रियापदे चांगली वाटाडी ठरतात.

‘मी विडी सोडली’ हा कर्मणी प्रयोग आहे. कर्ता मी, निश्चय माझा. ‘माझी विडी सुटली’ असे म्हटले म्हणजे कर्तेपण मावळते आणि उरते ते केवळ घडणे. शरीराच्या तक्रारी याच दुसऱ्या घरातल्या. घाम सुटतो, कंप सुटतो, कफ सुटतो. विडी सुटल्यावर कफ सुटतो हे तर अक्षरशः खरे आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अंगास सूक्ष्म केसांसारखे तंतू असून ते कफ वर ढकलण्याचे काम करतात. धुराने ते मंदावलेले असतात. धूर थांबला की काही दिवसांत ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला मळ बाहेर टाकू लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यांत खोकला वाढतो. या वाढीस भिऊन पुष्कळ लोक पुन्हा विडीकडे वळतात, ही खेदाची गोष्ट होय. तोंड येणे हेही सोडण्याचेच लक्षण म्हणून नोंदले गेले आहे. सोडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात ते अधिक आढळते. निकोटीन कमी पडल्यास चिडचिड, बेचैनी, भूक वाढणे, बद्धकोष्ठ, चित्त एकाग्र न होणे या गोष्टी होतात. त्यांचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो व तीन-चार आठवड्यांत तो ओसरतो.

याखेरीज धूर जाण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक असतो. तंबाखूच्या धुरात जळणातून निर्माण होणारी काही हायड्रोकार्बने असतात. ती यकृतातील एका विशिष्ट विकराचे प्रमाण वाढवितात, आणि हा विकर चहा-कॉफीतील कॅफीन व काही औषधे शरीरातून लवकर काढून टाकतो. हे कार्य धुराचे आहे, निकोटीनचे नव्हे. म्हणून ज्याने धूर सोडला आणि निकोटीन दुसऱ्या मार्गाने चालू ठेवले, त्याच्याही यकृताचा वेग उतरतो. पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तातील कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. कोयनानगरसारख्या गावी, जेथे पावसाळ्यात चहावाचून माणूस उभा राहत नाही, तेथे ही बाब लहान नव्हे. विडी आणि चहा ही आपल्याकडची जोडी. एक गेली की दुसरा अंगावर येतो. झोप उडणे व छाती धडधडणे यांचा थोडा वाटा तरी त्याच्या पदरी घालावा लागेल.

आणि थिओफिलीन हे याच विकराच्या हाती असलेले औषध आहे. विडी ओढणाऱ्याच्या शरीरातून ते लवकर जाते, म्हणून त्यास मात्रा अधिक लागते. धूर थांबला की आठवड्याभरातच तीच मात्रा जड होऊ लागते. आणि या औषधाच्या हितकर व अपायकर प्रमाणांत अंतर थोडे आहे. मळमळ, कंप, अनिद्रा, धडधड ही त्याच्या आधिक्याची लक्षणे. मानसिक विकारांवरील क्लोझापीन व ओलांझापीन या औषधांचीही हीच गत आहे. मामांच्या हातांतील कंपाचा धागा येथे सापडतो.

आता ‘लागणे’. तहान लागते, धाप लागते, ठसका लागतो, उचकी लागते, तलफ लागते. या सर्व प्रयोगांत भोगणारा चतुर्थीत असतो (‘मला तलफ लागली’), आणि कर्तेपण त्या पीडेकडे जाते. यांतच ‘तंबाखू लागणे’ हा प्रयोग आहे. नवशिक्याने तंबाखूची मोठी चिमूट तोंडात टाकली की गरगरते, घाम फुटतो, मळमळते, आणि बघणारे म्हणतात, “त्याला तंबाखू लागली.” सुपारीही अशीच लागते. निकोटीनच्या अतिमात्रेचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. तंबाखूच्या शेतात ओल्या पानांची खुडणी करणाऱ्यांस त्वचेवाटे निकोटीन भिनून हाच त्रास होतो.

विडीला स्वतःचा एक लगाम आहे. ती घशाला लागते, सारखी ओढली नाही तर विझते आणि अखेर संपते. हे तीनही लगाम नव्या साधनात सैल झाले आहेत. निकोटीनमध्ये सेंद्रिय आम्ल मिसळून त्याचा क्षार केला म्हणजे तीव्र द्रवदेखील घशातून मऊपणे उतरतो. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशान्वये एका मिलिलिटरात २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली, तर अन्यत्र ५० मिलिग्रॅमहून अधिक तीव्रतेचे द्रव विकले गेले आहेत. उशाशी ठेवलेले साधन रात्री जाग येईल तेव्हा ओढता येते. अशा वेळी जे लागते ते वस्तुतः तंबाखूच. परंतु ‘वाफ लागली’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. शब्दच नाही, म्हणून संशयही येत नाही. माणूस म्हणतो, “पित्त झालं असेल.”

तोलून सांगावयाचे तर वाफेच्या बाजूनेही पुरावा आहे. इंग्लंडमधील एका चाचणीत ८८६ धूम्रपींपैकी काहींना निकोटीनच्या गोळ्या, पट्ट्या इत्यादी पर्याय आणि काहींना हे साधन देण्यात आले. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण साधनाच्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्यात ९.९ टक्के होते. खोकला व कफ यांतील घट साधनाच्या गटात अधिक होती. मात्र घशाचा किंवा तोंडाचा दाह त्याच गटात अधिक, म्हणजे ६५.३ टक्के विरुद्ध ५१.२ टक्के. मळमळ उलट पर्यायी गटात जास्त. ‘खोकला’ आणि ‘खवखव’ या दोन शब्दांत आपण बोलताना जो भेद पुसून टाकतो, तोच येथे आकड्यांनी उभा राहिला आहे. आणखी एक गोष्ट : साधनाच्या गटातील जे यशस्वी झाले, त्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ते साधन ओढतच होते. त्यांची सिगारेट सुटली होती. निकोटीन सुटले नव्हते.

त्याच वर्षी अमेरिकेत फुप्फुसांच्या तीव्र विकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद व ६८ मृत्यू झाले. गांजाचा अर्क असलेल्या, बहुतांशी चोरट्या मार्गाने आलेल्या द्रवांत मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट हे तिचे प्रमुख कारण ठरले. हा प्रकार निकोटीनच्या द्रवाहून वेगळा आहे. तथापि ज्या द्रवाची घटना कोणी तपासलेली नाही तो ओढण्यात धोका कोणता, हे त्यावरून कळते, आणि आपल्याकडे मिळणारे सारेच द्रव त्या वर्गात मोडतात. कारण भारतात २०१९ च्या कायद्याने या साधनांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात ही सर्व बंद केली. साठवणीखेरीज अन्य बाबींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. स्वतः ओढणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून घातलेला नाही. पण हा बारकावा खेड्यातील माणसास कोण सांगणार? तो वस्तू लपवितो, आणि डॉक्टरांसमोर तिचे नावही लपवितो.

मामांचे असेच झाले. मुलावर बालंट येईल या भीतीने ते गप्प राहिले, आणि ‘सोडली’ या क्रियापदाने त्यांना आयता आडोसा दिला. मराठीत ‘सोडणे’ या क्रियेस कर्म लागते. प्रश्नातले कर्म ‘विडी’ असेल तर उत्तरही विडीपुरतेच राहणार. डॉक्टरांनी ‘हल्ली काही ओढता का?’ असे विचारले असते, तर कर्म मोकळे राहिले असते. ‘विडी कधी थांबली?’ असे विचारले असते, तर तारखेवरून गोळीच्या मात्रेचा विचार सुचला असता. महाराष्ट्रात तर आणखी एक प्रश्न जोडावा लागेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार येथे धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे ४ टक्के, तर धुराविना तंबाखू सेवन करणारे सुमारे २४ टक्के आहेत. तेव्हा ‘काही लावता का, खाता का?’ हेही विचारल्याखेरीज निकोटीनचा हिशोब पुरा होत नाही. मिश्री लावणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास ‘नाही’ म्हणते, आणि तीही खोटे बोलत नसते.

दुसऱ्या खेपेस मामी सोबत गेल्या व त्यांनी पिशवीतून ते साधन काढून मेजावर ठेवले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रक्ताची तपासणी करविली, गोळीची मात्रा उतरविली, चहा निम्मा करावयास सांगितला, आणि साधनाऐवजी औषधांच्या दुकानात रीतसर मिळणारा निकोटीनचा च्युइंगगम सुचविला. आठ-दहा दिवसांत हात स्थिर झाले. घशाची कोरड जावयास त्याहून अधिक दिवस लागले.

या विषयावरील शब्दसंग्रह आपल्या विभागात अद्याप नाही. पाटण, शिराळा व वाळवा या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर दोन गोष्टी टिपून आणाव्यात : या साधनास लोक कोणते नाव देतात, आणि ते ओढून त्रास झाला म्हणजे कोणते क्रियापद वापरतात. बोलणाऱ्याचे नाव लिहू नये. वय, गाव व वाक्य जसेच्या तसे लिहावे.