वाढत्या मेंदूच्या भुकेचा रक्तातील माग

गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या सुमारे १००० दिवसांत मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते. मात्र या काळात आहारात नेमके काय कमी पडले, हे मुलाच्या वजन-उंचीवरून दरवेळी उमगत नाही. त्यासाठी जैवसूचकांचा, म्हणजेच रक्तात वा लघवीत मोजता येणाऱ्या आणि शरीराची आतली स्थिती दाखवणाऱ्या घटकांचा, आधार घ्यावा लागतो.

लोह हे याचे ठळक उदाहरण होय. चेतातंतूंवरील मायलिन या मेदयुक्त आवरणासाठी आणि डोपामाइनसारखी संदेशवाहक रसायने तयार होण्यासाठी मेंदूला लोह लागते. परंतु लोहाची टंचाई झाली की शरीर ते आधी तांबड्या पेशींना पुरवते, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही मेंदूची उपासमार सुरू झालेली असू शकते. लोह साठवणाऱ्या फेरिटिन या प्रथिनाची पातळी त्याआधीच घसरते. अर्थात, जंतुसंसर्गात ती वाढत असल्याने दाह दर्शवणाऱ्या सीआरपी चाचणीसह ती पाहणे आवश्यक ठरते.

ब-१२ जीवनसत्त्वाचेही असेच आहे. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते, आणि पेशींना ते अपुरे पडले की रक्तात होमोसिस्टीन व मिथाइलमॅलोनिक आम्ल साचू लागते. यांपैकी होमोसिस्टीन फोलेटच्या कमतरतेनेही वाढते, तर दुसरे सूचक ब-१२च्या उणिवेकडे अधिक नेमकेपणाने बोट दाखवते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. पुढे, गरोदरपणी ज्यांची पातळी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त होती, अशा मातांच्या मुलांची नवव्या वर्षी तुलना केली असता, पहिल्या गटातील मुले अवधान टिकवण्याच्या आणि आकडे उलट्या क्रमाने सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. इतर चाचण्यांत फरक दिसला नाही, आणि अशा निरीक्षणातून संबंध दिसला तरी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही शाळेत जाणवणाऱ्या अडचणीची खूण जन्मापूर्वीच आईच्या रक्तात मिळू शकते, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

म्हणूनच पंडुरोग दिसल्यावर गोळ्या देण्यापुरती पोषणाची काळजी मर्यादित राहता कामा नये. किशोरवयीन मुलींच्या ताटात दूध, दही, डाळी आणि जिथे चालत असतील तिथे अंडी व मासे नियमित असणे, ही पुढच्या पिढीच्या मेंदूसाठीची पहिली तरतूद मानायला हवी.