एका शिलिंगाची दया

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील अठराव्या शतकाचे खटले वाचताना घरकामाच्या मुलींच्या चोऱ्या मला वारंवार भेटल्या. चोरीचा माल तरी काय? चांदीचा चमचा, चादर, धन्याचा सदरा. परक्या घरात राहणाऱ्या मुलीने तो दडवावा कुठे? मग ती तीन गोळ्यांची खूण टांगलेले गहाणाचे दुकान गाठी. पुढे तोच दुकानदार वस्तू घेऊन साक्षीस उभा राही. १७५७च्या कायद्याने तर गहाणाची नोंद ठेवणे त्याला भागच पडले. “सोडवून जागच्या जागी ठेवणार होते,” असे कित्येकजणी सांगत. काहींचे ते खरेही असेल.

परंतु १७१३ पासून राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरल्यास शिक्षा फाशीची होती. मोलकरणी वर्षाला सहा ते आठ पौंड मागतात, अशी ओरड डॅनियल डीफोने १७२५ साली केली होती. एका पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढ्या ऐवजापायी जीव जाई!

अशा वेळी ज्यूरी पुष्कळदा मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवी. मग फाशी टळून काळ्या पाण्यावर निभावे. न्यायपंडित ब्लॅकस्टोनने या प्रकाराला पुण्यशील खोटी शपथ म्हटले आहे. ज्यूरीत बसत ते मालमत्तेचे धनीच. त्यांपैकी अनेकांच्या घरी मोलकरणी असणार. कायदा बदलणे त्यांच्या हाती नव्हते. हिशेबात एक शिलिंग कमी धरणे तेवढे होते, आणि ते त्यांनी केले, हे मला मोठे वाटते.