यंत्राच्या मुखी मायबोली

शाळेत एखादे नवे साधन आले की दोन पक्ष हमखास उभे राहतात. एका पक्षाला वाटते, आता शिक्षकाची गरज संपली. दुसऱ्याला वाटते, आता शिक्षण बुडाले. रेडिओ आला तेव्हा हे झाले, दूरचित्रवाणी आली तेव्हा झाले, संगणक आला तेव्हाही झाले आणि आज घरोघरी मोबाइल पोहोचल्यावर तोच वाद पुन्हा रंगला आहे. सरकारी मराठी शाळांत खडू हाती धरून ज्यांचे केस पिकले, त्या आम्हांस मात्र या वादापेक्षा एक निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे यंत्र आमच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलणार आहे? पुण्यातील कुटुंबाला हा प्रश्न कदाचित सुचणारही नाही. बेळगाव, बीदर, कारवार, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घराला मात्र तो टाळता येणार नाही.

प्रश्न तसा जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत भारताने ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा एक भव्य प्रयोग केला. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यांत होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या गावोगाव उभारल्या गेल्या. सकाळचा दीड तास शाळांसाठी राखलेला असे आणि तो हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांत वाटलेला असे. म्हणजे एकेका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे. उपग्रह एकच असला तरी मुलांची भाषा एक नाही, हे त्या योजनेच्या कर्त्यांनी नेमके ओळखले होते. तथापि सहा राज्यांत महाराष्ट्र नसल्यामुळे त्या वाटणीत मराठीला जागा नव्हती.

पुढे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली आणि शालेय मुलांसाठी मराठीतून चित्रफिती तयार होऊ लागल्या. ही संस्था २०१७ साली बंद झाली. या दोन्ही उपक्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दोहोंतही धडा दूर कोठेतरी तयार होई आणि वर्गातील शिक्षकाच्या हाती उरे ते केवळ बटण दाबण्याचे काम. समोरच्या बाकावरील मूल घरी काय बोलते, कोणत्या शब्दाशी अडते, हे दूरच्या चित्रनिर्मात्यास कळण्याचा मार्गच नव्हता.

गेल्या पंधरा वर्षांत जो खरा पालट झाला तो येथे. धडा तयार करण्याचे साधन शिक्षकाच्या खिशात आले. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि तिच्या शेजारी गुरांचा गोठा होता. मुलींची उपस्थिती अल्प होती. अडचण केवळ इमारतीची नव्हती. अनेक मुलींच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. डिसले गुरुजींनी स्वतः कन्नड आत्मसात केली. पहिली ते चौथीच्या पुस्तकांची त्यांनी नव्याने मांडणी केली आणि त्यांत जागोजागी क्यूआर कोड छापले.

हा कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकटींचे ते जाळे, जे आज भाजीवाल्याच्या गाडीवरही दिसते. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ साली जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात तो जन्मास आला. पानावरील कोडासमोर मोबाइल धरला की त्या धड्याची कविता ऐकू येते, गोष्ट दिसते, गृहपाठ समोर येतो. आणि परितेवाडीत हे सारे मुलींच्या घरच्या भाषेत होते. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला आणि राष्ट्रीय पातळीवरील पुस्तकांसाठीही हीच वाट धरली गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक घोषित झाले. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पारितोषिकाची वार्ता सर्वांनी वाचली. आम्ही तीत जे वाचले ते थोडे निराळे. परितेवाडी हे आमच्या सीमाभागाचे उलटे प्रतिबिंब आहे. तेथे मराठी राज्यात कन्नड बोलणारी मुले, येथे कन्नड राज्यात मराठी बोलणारी. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे आपल्या घटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगत आले आहे. परितेवाडीच्या शिक्षकाने मुलींची भाषा स्वतः शिकून त्या कलमाचा आशय वर्गात उतरवला. कोड हा निमित्तमात्र होता. कन्नड न शिकता त्यांनी तेच कोड छापले असते, तर मुलींना न कळणारा धडा अधिक चटकदार स्वरूपात, पण तितकाच न कळणारा मिळाला असता.

आता साधनाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा कर्नाटकात ‘विद्यागम’ योजना आली. शिक्षकांनी वस्तीवर जाऊन देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली शिकवावे, अशी ती योजना होती. त्यासाठी मुलांचे गट करावयाचे होते ते बुद्धीवर नव्हे, तर घरातील फोनवर: इंटरनेट असलेला फोन, साधा फोन आणि काहीच नाही. त्या गटवारीच्या निमित्ताने घरोघर फिरताना आम्हांस एक गोष्ट दिसली. यादीत ज्या घरी फोन होता, त्या घरी तो मुलाला मिळत होताच असे नाही. तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जाई आणि रात्री परते. आणि घरी बहीणभाऊ दोघे शिकत असतील, तर तो बहुधा भावाच्या हाती जाई. यंत्र स्वतः समता आणीत नाही. ती शिक्षकाला आणि घराला आणावी लागते.

म्हणून आमचे मत असे की आरंभ लहान असावा. पाच मिनिटांचा धडा शिक्षकाने स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. त्याचा कोड विनामूल्य तयार होतो. त्याची चिठ्ठी छापून पुस्तकाच्या पानावर चिकटवावी. गावात इंटरनेट दुबळे असेल तर धडे शाळेतच उतरवून मेमरी कार्डात द्यावेत. ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांनी ते सुटीच्या तासाला शाळेतील एका फोनवर गटाने ऐकावेत. मुलांची छायाचित्रे व नावे सार्वजनिक मंचावर ठेवू नयेत. आवाज पुरेसा आहे. मराठीतील सामग्रीचीही वाण नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज कोणालाही घरबसल्या वाचता येतो. वीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडील शाळेला ही श्रीमंती स्वप्नवत होती.

परंतु जे कोणत्याही मंचावर मिळणार नाही, ते आपल्या घरांत आहे. पेरणीच्या अवजाराला कोणी पाभर म्हणतो, कोणी तिफण, तर आमच्याकडचा शेतकरी कुरी म्हणतो. पुस्तकात ‘तिफण’ भेटली की आमचे मूल अडते. ‘म्हणजे आपली कुरी’ एवढे दोन शब्द कानी पडले की चालू लागते. हे दोन शब्द दिल्लीतील वा पुण्यातील तज्ज्ञ सांगू शकत नाही. ते गावातील शिक्षक सांगू शकतो, आणि त्याहून चांगले मुलाची आजी सांगू शकते. जात्यावरची ओवी, सणांच्या कहाण्या, आजोबांच्या बालपणीच्या शाळेची हकिगत, बडोद्याच्या वा इंदूरच्या मराठीचे खास वळण, हे सारे आज मुद्रित होऊ शकते. आजी गेल्यावर होणार नाही.

वाचकांना आमची विनंती एवढीच. मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेणे हा एक उपाय झाला. पण त्या मोबाइलमध्ये आपली भाषा कोण भरणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्या गावी मराठी शाळा असेल तर तेथील शिक्षकाला भेटावे आणि घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज त्याच्या कामी द्यावा. शाळा नसेल तर रविवारी चार घरे एकत्र करून हे काम आरंभावे. परराज्यात राहून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवली, त्यांनी ती वाचनालये काढून, नाटके बसवून, मासिके चालवून टिकवली. त्यांच्या काळी जी साधने होती ती त्यांनी वापरली. आपल्या हाती हे साधन आले आहे.