6174 आणि अठराचे गणित

व्हँकुव्हर शहराची स्थापना 1886 साली झाली. या सालाचे अंक उतरत्या क्रमाने लावले की 8861 होतात आणि चढत्या क्रमाने 1688. मोठ्यातून लहान वजा केले की उरतात 7173. आता हेच 7173 चे करायचे: 7731 वजा 1377, उत्तर 6354. पुढे 6543 वजा 3456, उत्तर 3087. मग 8730 वजा 0378, उत्तर 8352. शेवटी 8532 वजा 2358, उत्तर 6174. इथून गाडी पुढे सरकत नाही, कारण 7641 मधून 1467 वजा केले तरी पुन्हा 6174 च येतात.

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नकोत. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 गाठले जातात. मध्येच उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य लिहून चार अंक पुरे करायचे.

हे शोधले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, 1905 चा. नोकरी नाशिकजवळ देवळालीत, शाळेत शिक्षकाची. गणितातली मोठी पदवी नव्हती आणि हाताशी संगणक तर नव्हताच. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही गोष्ट मांडली. पुढे ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावर त्यांचा लेख आला. हे नियतकालिक निघत असे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातून. म्हणजे देवळालीच्या मास्तरांचा आकडा जगापुढे आला तो एका ज्यू विद्यापीठाच्या दारातून! 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव सर्वदूर गेले.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडेल. 6174 च्या अंकांची बेरीज 18. हिब्रूत हेथ म्हणजे 8 आणि योद म्हणजे 10. ही दोन अक्षरे जोडून ‘जिवंत’ या अर्थाचा शब्द होतो, म्हणून 18 शुभ मानतात आणि देणगीही 18 च्या पटीत देतात. वर आलेली उत्तरे पाहा: 7173, 6354, 3087, 8352. प्रत्येकाची बेरीज 18!

यात चमत्कार नाही, हातच्याचा खेळ आहे. 8861 च्या टोकाच्या अंकांतला फरक 7, मधल्या अंकांतला 2. एकक स्थानी 1 मधून 8 जात नाहीत. दहा उसने घेतले की उत्तर 10 वजा 7. दशकालाही उसने घ्यावे लागते. तिथे 9 वजा 2. शतकातून एक आधीच गेलेला, म्हणून 2 वजा 1. हजाराला पुरे 7. चारही मिळवताना 7 आणि 2 एकदा वजा होतात, एकदा मिळतात, म्हणजे ते कटतात. उरतात 10 आणि 9 वजा 1: अठरा.

6174 ला 18 ने भागले की 343 येतात, म्हणजे 7 गुणिले 7 गुणिले 7. शाब्बाथचा सातवा दिवस आठवून कोणाला गंमत वाटली तर वाटू द्यावी. हा मात्र निव्वळ योगायोग. बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ नाव दिले: हर्ष देणाऱ्या.

मधले दोन अंक सारखे असले तर बेरीज 18 नाही, 27 येते. 2011 साली जन्मलेल्यांनी करून पाहावे: 2110 वजा 0112, उत्तर 1998. पुढच्याच वजाबाकीत 8082 येतात, आणि अठरा परत.