कृत्रिम गुडघा : घट्ट की मोकळा?

पाटीवर गोटी ठेवा; ती जेमतेम एका बिंदूवर टेकते. तीच गोटी तिच्या मापाच्या खळग्यात ठेवली, तर पुष्कळ जागेवर टेकते. कृत्रिम गुडघ्याचे सारे कोडे या दोन ठेवणींत आहे.

या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचे गोलसर टोपण असते, नडगीच्या हाडावर धातूचे तबक आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती. चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते. ६० किलोग्रॅमच्या माणसासाठी हे झाले जवळजवळ १५०० न्यूटन. सपाट चकतीवर स्पर्शाची जागा १ चौ. सें.मी. धरली, तर दर चौ. मि.मी.वर १५ न्यूटन ताण पडेल. सुमारे २० न्यूटनपुढे हे प्लॅस्टिक कायमचे चेपू लागते!

मग चकती खोलगट करू. जागा ३ चौ. सें.मी. झाली, की ताण ५ न्यूटनवर उतरतो. पण गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. वाकताना तो थोडा वळतोही. घट्ट खळगा हे वळणे अडवतो. ते बल तबकावर जाते आणि तबक हाडापासून सुटू लागते.

१९७० च्या दशकात ऑक्सफर्डच्या गुडफेलो आणि ओ'कॉनर यांनी तोड काढली : चकती वरून खोलगट, खालून सपाट आणि सरकती! स्पर्शाची जागा मोठी, हालचालही मोकळी. मात्र अशी चकती क्वचित निसटते. म्हणून बेताची खोलगट, स्थिर चकतीही वापरतात.

आता ८० किलोग्रॅमच्या माणसासाठी, सपाट चकती धरून, हिशेब करा. उत्तर २० च्या किती जवळ आले?