गिरणी कामगाराचा पोर आणि विम्बल्डनची हिरवळ

आमच्या आष्ट्यात कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यावर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. पानपट्टीवर उभे राहिले की चार जण भेटतात. टेनिसचे मात्र तसे नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे मी या खेळाचा नाद केला तो एकट्यानेच. त्यातही मी पाठीराखा ब्रिटनच्या खेळाडूंचा. कारखान्यातले सोबती पूर्वी विचारायचे, "काय रं, इंग्रज जाऊन पन्नास वर्षं झाली, तू अजून त्यांच्याच मागं का?" मी हसून वेळ मारून नेत असे. वाचकहो, ते उत्तर आज जरा सविस्तर देतो.

नाद लागला दूरदर्शनमुळे. शेजाऱ्यांच्या घरी विम्बल्डनचा अंतिम सामना लागायचा आणि आम्ही पोरे दाराशी बसून बघायचो. आई एकदा डोकावली आणि म्हणाली, "आरं, एवढं हिरवंगार गवत, आणि त्यात एक म्हैस न्हाय!" त्या वेळी ब्रिटनचा टिम हेनमन खेळत असे. खरे सांगायचे तर हेनमन मला फारसा जवळचा वाटला नाही. घरच्या अंगणातच टेनिसचे कोर्ट, घराण्यातच टेनिस. माझा खरा माणूस मला वर्तमानपत्राच्या एका छोट्या बातमीत सापडला. फेब्रुवारी १९९५ मध्ये फ्रेड पेरी वारला, त्याची ती बातमी होती.

फ्रेड पेरी १९०९ साली स्टॉकपोर्टला जन्मला. बाप सॅम पेरी सूतगिरणीत कामाला. पुढे तो सहकारी चळवळीत शिरला आणि मजूर पक्षाच्या बाजूने पार्लमेंटमध्ये निवडून गेला. वाळवा तालुक्यातल्या माणसाला सहकार म्हणजे काय हे सांगायला नको. आणि ज्यांचे आजे-चुलते मुंबईच्या गिरण्यांत राबले, त्यांना सूतगिरणी म्हणजे काय हेही सांगायला नको. नोव्हेंबर १९३० मध्ये पहिली गोलमेज परिषद भरली आणि बाबासाहेबांनी लंडनमध्ये आपली कैफियत मांडली, तेव्हा हा सॅम पेरी पार्लमेंटचा सभासद होता.

पोरगा आधी टेबल टेनिस खेळला आणि १९२९ साली त्यात जगज्जेता झाला. मग मोठे टेनिस. १९३४, १९३५ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने विम्बल्डन जिंकले. पहिल्या विजयानंतरची गोष्ट त्याने स्वतः सांगून ठेवली आहे. सामना संपल्यावर तो आंघोळीला गेला होता. बाहेर क्लबाच्या समितीचा एक माणूस हरलेल्या जॅक क्रॉफर्डची समजूत घालत होता, की आज जो अधिक चांगला तो जिंकला नाही. क्रॉफर्ड ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे परका, तरी तो त्यांना जवळचा. घरचा पोरगा मात्र गिरणीवाल्याचा, म्हणून दूरचा. जेत्याला क्लबाचा टाय द्यायची रीत होती. पेरीचा टाय कोणी हातात दिला नाही, गळ्यात घातला नाही. तो खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलेला होता.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पेपर हातात धरून बसलो होतो. देण्याची वस्तू द्यायची, पण हाताला हात लागू द्यायचा नाही. पाणी वरून ओतायचे. हे आपल्या आजी-आजोबांनी सोसले आहे. विलायतेत ते जातीने होत नव्हते, वर्गाने होत होते, एवढाच फरक.

वरून आणखी एक नियम. मोठ्या स्पर्धा फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी. खेळाचे पैसे घेतले की तो धंदेवाईक, त्याला दार बंद. ऐकायला हे फार उदात्त वाटते. पण पोटापाण्याची चिंता नसलेला माणूसच आयुष्यभर हौशी राहू शकतो! १९३६ च्या अखेरीस पेरीने पैसे घेऊन खेळायचे ठरवले आणि क्लबाने त्याचे सभासदत्व काढून घेतले. हा नियम १९६८ पर्यंत चालला. पेरीचा पुतळा विम्बल्डनच्या आवारात १९८४ साली उभा राहिला, पहिल्या विजयानंतर पन्नास वर्षांनी. त्याच्यानंतर ब्रिटनच्या पुरुषाला विम्बल्डन एकेरी जिंकायला ७७ वर्षे लागली.

याच हिरवळीवरची दुसरी गोष्ट १९५६ ची. हे साल आपल्या घराघरात पाठ आहे. त्या वर्षी जुलैमध्ये विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली ती अँजेला बक्स्टन आणि अल्थिया गिब्सन या जोडीने. बक्स्टन इंग्लंडची, पण ज्यू. ज्यू म्हणून तिला लंडनच्या क्लबात प्रवेश नाकारलेला. गिब्सन अमेरिकेची, काळी. दोघींनाही जोडीला कोणी घेईना, म्हणून दोघी एकमेकींच्या जोडीदार झाल्या. त्यांची ओळख वाढली ती भारतातल्या दौऱ्यावर, हे वाचून मला मोठे नवल वाटले. त्या जिंकल्या तेव्हा एका इंग्रजी वर्तमानपत्राने अगदी बारीक टाइपात मथळा दिला, त्याचा अर्थ 'अल्पसंख्याकांचा विजय' असा होता. त्यानंतर तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्माची दीक्षा दिली.

गिब्सनने पुढे १९५७ आणि १९५८ साली एकेरीही जिंकली, राणीच्या हातून थाळी घेतली. पण तेव्हा त्या खेळात पैसा नव्हता. म्हातारपणी ती आजारी आणि कफल्लक झाली. १९९५ च्या सुमारास तिने बक्स्टनला फोन करून जीव देण्याची भाषा केली. बक्स्टनने स्वतः पैसे पाठवले, टेनिसच्या मासिकातून हाक दिली, आणि जगभरातून पाकिटे आली. बक्स्टन २०२० साली वारली. क्लबाच्या सभासदत्वासाठी तरुणपणी केलेल्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे, असे ती अखेरपर्यंत सांगत असे.

आता हंगामाविषयी. टेनिसचा हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो आणि त्याच्यामागे राहायचे तर झोप विकावी लागते. जानेवारीत ऑस्ट्रेलिया. आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाचला खेळ सुरू, आणि नेमका तेव्हा कारखान्याचा गळीत हंगाम जोरात. मे-जूनमध्ये पॅरिसची लाल माती, तिच्यावर ब्रिटनचे लोक बहुधा घसरतात. मग हिरवळ. विम्बल्डन दुपारी साडेतीनपासून, ही वेळ संसारी माणसाला बरी. न्यूयॉर्कची स्पर्धा रात्री साडेआठला सुरू होऊन पहाटेपर्यंत. पूर्वी निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात, तोही बारीक अक्षरात. भारनियमनाच्या काळात तर सेट एक-एक बरोबरीत असताना पडदा काळा व्हायचा. आता मोबाइलवर एकेक गुण दिसतो.

या मंडळींना पगार नसतो हे पुष्कळांना ठाऊक नाही. विमान, हॉटेल, प्रशिक्षक, सारे खिशातून. जिंकाल तर मिळेल. क्रमवारीचे गुणही ५२ आठवड्यांचेच. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात कमावले, त्याच आठवड्यात ते गळून पडतात. शंभर-दोनशेच्या क्रमांकावरचा खेळाडू आपल्या रोजंदारीवाल्यासारखाच जगतो. २०२५ साली विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड मिळाले. एवढ्यावर अशा खेळाडूचे वर्ष निघते.

म्हणून तिथे 'वाइल्ड कार्ड'ला फार महत्त्व. एकेरीच्या १२८ जागांपैकी काही जागा क्लब आपल्या मर्जीने देतो, क्रमवारी न बघता, आणि त्यातल्या बहुतेक घरच्या, ब्रिटिश पोरांना. गुणवत्ता बुडाली म्हणून तिकडे कोणी मोर्चा काढत नाही! २००१ साली क्रोएशियाचा इवानिसेविच १२५ व्या क्रमांकावर होता, अशाच मर्जीच्या जागेवर आत आला. उपांत्य सामन्यात पावसामुळे तीन दिवस रखडत त्याने आमच्या हेनमनला हरवले आणि शेवटी विम्बल्डनच जिंकले. हेनमन जवळचा नव्हता म्हणालो खरे, पण त्या दिवशी मी जेवलो नाही. अर्थात ती जागा मेहेरबानीची. आपली घटनेने दिलेली, हक्काची. ही गोष्ट मी विहारात पोरांना सांगतो तेव्हा हा फरकही सांगतो.

अँडी मरेने ७ जुलै २०१३ ला जिंकले तो रविवार होता. आम्ही घरी पेढे वाटले, गल्लीत कुणाला कारण कळले नाही. मरेविषयी ब्रिटनमध्ये एक थट्टा होती. जिंकला की तो ब्रिटिश, हरला की स्कॉटिश. २०२१ चा सप्टेंबर मला त्यामुळेच जास्त लक्षात आहे. एमा राडुकानू, बाप रुमानियाचा, आई चीनची, स्वतः जन्मली कॅनडात, दोन वर्षांची असताना इंग्लंडला आली. वय १८, क्रमांक १५०. पात्रता फेरीतून येऊन दहा सामने खेळली आणि एकही सेट न हरता न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकली. आपल्याकडे तेव्हा शनिवारची मध्यरात्र उलटून गेली होती. माझी पुतणी चौथीत होती, हट्टाने जागी राहिली. शेवटच्या गेममध्ये राडुकानूचा गुडघा फुटून रक्त आले तेव्हा पुतणीने विचारले, "काका, ही आपली हाय का?" मी हो म्हणालो.

मला आठवत होती एक महिन्यापूर्वीची बातमी. टोकियोत महिला हॉकीचा उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके उडवून जातीवरून शिव्या दिल्याची फिर्याद तिच्या घरच्यांनी दिली होती. त्याच वंदनाने त्याच स्पर्धेत एका सामन्यात तीन गोल केले होते. पुतणीला मी ते त्या रात्री सांगितले नाही. पुढे सांगितले.

ब्रिटनचे खेळाडू मी प्रत्यक्ष पाहिले ते एकदाच, पुण्याजवळ बालेवाडीत. चेन्नईची स्पर्धा २०१८ पासून २०२३ पर्यंत तिथे होत असे. ५ जानेवारी २०१९ च्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात एका बाजूला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, दुसऱ्या बाजूला ल्यूक बॅमब्रिज आणि जॉनी ओमारा. आष्ट्याहून पेठ नाका, तिथून एसटीने स्वारगेट, मग शहराची बस. सगळे स्टेडियम बोपण्णाच्या नावाने ओरडत होते, मीही ओरडलो. पण ज्यांची नावे मी कधीपासून बारीक अक्षरांत शोधत होतो ते दोघे हाडामांसाचे समोर होते. त्यांच्या एका चांगल्या परतीच्या फटक्याला माझ्या हातून टाळी गेली आणि शेजारच्या गृहस्थांनी चमकून पाहिले. ६-३, ६-४ असे आपले लोक जिंकले. बाहेर पडताना मी चेंडू वेचणारी पोरे पाहत होतो. पूर्वी जिमखान्यांत आपल्या माणसाचे काम तेवढेच असे, चेंडू आणून देणे आणि कोर्टावर पाणी मारणे.

आता दिवस थोडे बदललेत. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाच्या जोडीने कांस्यपदक आणले. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ साली विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली. कोल्हापूर आष्ट्यापासून काही लांब नाही. पण रॅकेट, तार, बूट, चेंडू आणि महिन्याची फी हा हिशेब कामगाराच्या घरात मांडून पाहा. पुतणीसाठी मी मांडला. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करून आलो. फीच्या आकड्याला वहिनी काहीच बोलल्या नाहीत, भाऊ म्हणाला, "दिवाळीनंतर बघू."

तोवर एक जुनी रॅकेट मिळाली आहे, तार नवी घातली. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही फक्कीने अर्ध्या कोर्टाच्या रेषा मारतो. व्हॉलीबॉलची फाटकी जाळी खाली ओढून बांधतो. कबड्डीवाली पोरे आधी कुरकुरायची, आता नऊ वाजेपर्यंत मैदान सोडतात, आणि त्यातली दोघे-तिघे चेंडू अडवायला पलीकडे उभी राहतात. पुतणीची सर्व्हिस अजून जाळीत जाते. गेल्या रविवारी सलग चार पार गेल्या.